नाव हाकेला यावं

नमस्कार. खडीच्या, कच्च्या रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्या बायकांचा गट काढलाय आणि नाव सुचत नाहीये, असं असेल तर आजचं बोलणं तुमच्यासाठी. एकच गोष्ट सांगायची आहे: नाव हाकेला यावं. समोरून वारा, मधे पन्नास हात अंतर, तरी ऐकू जावं.

आमच्या गटाला दोन महिने नावच नव्हतं. सुचायची ती सगळी वाघिणी, विजा, रणरागिणी. आमच्यात पन्नाशीला टेकलेली, नुकतीच सायकल शिकलेली एकजण आहे. ती म्हणाली, "यातलं एकही नाव मला माझं वाटत नाही गं. मला अजून उताराची भीती वाटते." विषय तिथेच थांबला.

त्यानंतरचा रविवार. पाऊस होऊन चार दिवस झालेले. ट्रॅक्टरच्या चाकांनी चिखलात पाडलेल्या दोन चाकोऱ्या वाळून टणक झालेल्या. ती पुढे, मी मागे. तिचं पुढचं चाक चाकोरीत उतरलं. अशा वेळी हँडल वळवलं की टायर काठाला घासतो आणि सायकल आडवी होते. तिची कोपरं ताठ, नजर खाली, चाकावर खिळलेली. मी मागून ओरडले, "चाकोरीबाहेर बघ! चाकोरीबाहेर!" कारण नजर जाते तिकडे सायकल जाते. तिने मान वर केली, पेडलवर उभी राहिली, पुढचं चाक अलगद उचलून काठावर टाकलं. मागचं चाक घसरलं, खडी उडाली आणि सायकल मधल्या गवतावर आली. थांबली नाही. पुढच्या वळणावर पाय टेकून वळली आणि म्हणाली, "हेच नाव!"

चाकोरीबाहेर. शाळेपासून निबंधात लिहीत आलेला शब्द, पण चाकोरी म्हणजे काय ते त्या दिवशी चाकाला कळलं. आणि हाकेलाही येतो, शेवटचा 'हेर' हवा तेवढा लांबवा.

हो, आणि टायर टम्म फुगवू नका! खडीवर हवा जरा कमीच बरी, टायर जमीन धरून चालतो. हे मी भेटेल त्या प्रत्येकीला सांगते.

तर नाव. १८९४ साली अ‍ॅनी कोपचोव्स्की नावाची, तीन मुलांची आई बॉस्टनहून सायकलने जगप्रवासाला निघाली. झऱ्याचं पाणी विकणाऱ्या एका कंपनीने १०० डॉलर दिले आणि ती कंपनीच्या नावावरून अ‍ॅनी लंडनडेरी झाली. तिला पैसे हवे होते, मी तिला बोल लावणार नाही. तुम्ही मात्र प्रायोजकाला जर्सीवर जागा द्या, नावात नको.

आणि नावाने कुणाला दुखवू नये. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली २०० मैलांची प्रसिद्ध ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या रस्त्यांवरची, सायकल शर्यत आधी 'डर्टी कॅन्झा' म्हणून ओळखली जायची. कॅन्झा हे तिथल्या मूळ रहिवाशांचं नाव, आणि त्याच्या आधी 'डर्टी', म्हणजे घाणेरडे. २०२० मध्ये ते नाव बदललं. आता ती 'अनबाउंड ग्रॅव्हल'.

तेव्हा दोन-तीन नावं काढा. पुढच्या राइडला ती वाऱ्यात ओरडून बघा. आणि सगळ्यांत मागे राहिलेलीला विचारा, तुला कुठलं ऐकू आलं?