मारवाडी घोडा आणि त्याची वंशावळ

श्रोतेहो, नमस्कार.

२०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे आणि तट्टं होती. २०१९ मध्ये ती ३ लाख ४० हजारांवर आली. घट ४५ टक्क्यांहून जास्त. टांगा गेला, ओझी वाहायला टेम्पो आले, तशी ही जनावरंही गेली. मारवाडी जातीचे घोडे मात्र २०१९ च्या पाहणीत सुमारे ३३ हजार भरले. एवढा आकडा पुरेसा वाटतो. पण या ३३ हजारांपैकी किती जनावरांचे आईबाप पुराव्यानिशी सांगता येतील, यावर जातीचं पुढचं सगळं ठरणार आहे. मारवाडी घोडे पाळणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं पहिलं काम हेच, आणि आज बोलायचं आहे ते याच कामाविषयी.

१९३० च्या दशकात जोधपूरचे महाराजा उमेदसिंह यांनी ही जात सावरली. स्वातंत्र्यानंतर जहागिऱ्या गेल्या आणि पागा रिकाम्या झाल्या. उत्तम घोडे ओझ्याला जुंपले गेले, कित्येक खच्ची केले गेले. पुढे महाराजा गजसिंह आणि काही जाणत्या पाळणाऱ्यांनी उरलेलं बीज सांभाळलं. १९९९ मध्ये देशी घोड्यांसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि २००९ मध्ये मारवाडी घोड्यांची अधिकृत नोंदणी सुरू झाली.

नोंदणी होते कशी, ते पाहू. परीक्षक जनावराची उंची, चेहऱ्याची ठेवण, आत वळून टोकाला टोक भिडवणारे कान, पाय आणि चाल तपासतात. अंगावरचे पांढरे पट्टे आणि भोवरे आराखड्यावर काढून घेतात. भोवरे जन्मभर बदलत नाहीत, म्हणून ओळखीला ते फार उपयोगाचे. देवमण नावाचा भोवरा शुभ आणि आसूढाळ नावाचा अशुभ हा बाजाराचा हिशेब झाला. नोंदणीसाठी दोन्ही सारखेच कामाचे. मग मांडीवर नोंदणी क्रमांकाचा थंड डाग देतात आणि फोटो काढतात.

या थंड डागात एक अडचण येते. द्रव नायट्रोजनमध्ये गार केलेला ठसा कातडीवर टेकवला की केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि तिथं पांढरे केस उगवतात. मुश्की म्हणजे काळ्या किंवा कुम्मैत म्हणजे तांबूस घोड्यावर आकडा लख्ख दिसतो. नुकऱ्यावर, म्हणजे पांढऱ्या घोड्यावर, मात्र पांढऱ्यात पांढरं, काहीच दिसत नाही. तिथं ठसा जास्त वेळ धरून केसांची मुळंच मारावी लागतात, म्हणजे टक्कल पडून आकडा उमटतो. वेळ चुकला की आकडा पुसट राहतो किंवा जखम होते. म्हणून डागासोबत मायक्रोचिप हवीच. १५ आकडी क्रमांकाची ही चिप मानेच्या डाव्या बाजूला, डोकं आणि खांदा यांच्या मधोमध, आयाळीच्या खालच्या जाड स्नायुबंधात बसवतात. वरवर टोचली तर ती सरकते.

रंगाच्या नोंदीतही गफलत होते. सब्जा म्हणजे राखाडी रंगाचं शिंगरू जन्मतं काळं किंवा तांबूस आणि वयाबरोबर पांढरं होत जातं. कागदावर कुम्मैत आणि समोर पांढरा घोडा, म्हणजे लबाडीच असं नाही. शिंगराच्या डोळ्यांभोवती पांढरे केस दिसतात का, ते नोंदणीच्या वेळीच बघायला हवं. शिवाय सब्जा शिंगराच्या आईबापांपैकी एक तरी सब्जा असावाच लागतो. दोघंही नसतील तर सांगितलेला बाप खरा नाही, हे तिथंच कळतं.

पण असा दाखला क्वचितच मिळतो. खरा उपाय डीएनए तपासणीचा. आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटायचे, कोरड्या कागदी पाकिटात ठेवायचे आणि आई, बाप, शिंगरू असे तिघांचे नमुने एकत्र पाठवायचे. कात्रीनं कापलेल्या केसांत मुळं नसतात, ते नमुने वाया जातात. केस प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले तर ओल धरून बुरशी येते.

आता सगळ्यात अवघड विषयाकडे येऊ या. मेळ्यात एखादा घोडा बक्षीस मिळवतो आणि पुढच्या हंगामात जो तो आपली घोडी त्याच्याकडेच नेतो. चार वर्षांत त्या एकट्याची शेकडो शिंगरं होतात आणि सावत्र भावंडांचा मेळ पडायला वेळ लागत नाही. सावत्र भावंडांपासून झालेल्या शिंगराचा अंतःप्रजननाचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा, अंश साडेबारा टक्के असतो. पूर्ण जातीत दर पिढीला हा अंश किती वाढतो, ते ढोबळमानानं काढता येतं. वापरातल्या नरांच्या संख्येला आठनं गुणायचं आणि त्या गुणाकारानं एकाला भागायचं. माद्यांसाठीही तसंच करायचं आणि दोन्ही उत्तरांची बेरीज घ्यायची. समजा १,००० माद्या आहेत, पण नर १०च वापरले. वाढ होते सव्वा टक्क्याच्या थोडी वर. एक टक्का ही धोक्याची रेषा मानतात. माद्या दहा हजार केल्या तरी उत्तर जवळपास तेच येतं. नर २५ केले की ते अर्ध्या टक्क्यावर उतरतं. म्हणून संघटनेनं घोड्यांच्या एकूण संख्येआधी पैदाशीला लागलेले वेगवेगळे नर मोजावेत, एका नराच्या वर्षाच्या नोंदींवर मर्यादा घालावी, आणि ती मोडली तर जादा शिंगरं नोंदवू नयेत. मालक नाराज होतील. तरीही हे करावंच लागेल.

नेदरलँड्सच्या काळ्या फ्रिझियन घोड्यांचं नोंदणीपुस्तक १८७९ पासून चालत आलं आहे. १९१३ मध्ये त्यात तीनच नर उरले होते. आज त्या जातीत बुटकेपणा आणि डोक्यात पाणी साठणं हे दोन आनुवंशिक दोष आढळतात. नर-मादी दोन्ही दोषाचे वाहक असतील तर चारांतल्या एका शिंगराला तो व्हायची शक्यता असते. आईबापांची पक्की नोंद होती, म्हणून तिथं वाहक ओळखण्याची चाचणी कामी येते.

आपल्याकडे नवं तंत्रही दाराशी आलंय. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर इथल्या परिसरात २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्मलं. उत्तम घोडीच्या गर्भाशयातून सातव्या-आठव्या दिवशी भ्रूण धुऊन काढतात आणि दुसऱ्या घोडीत सोडतात. दोघींचा माज जुळवून आणावा लागतो, तो चुकला की गर्भ टिकत नाही. कृत्रिम रेतनात एका वेळच्या वीर्यातून अनेक मात्रा होतात. दूरच्या गावचा दुर्मीळ नर त्यामुळे हाताशी येतो. पण मर्यादा नसेल तर गाजलेला एकच घोडा देशभर पसरेल.

उंचीची हौस हे वेगळंच दुखणं आहे. मारवाडी घोडा साधारण ६० ते ६४ इंच भरतो. बोली मात्र त्याहून उंच घोड्यावर चढते. मग कुणी चोरून थरोब्रेड या शर्यतीच्या परदेशी जातीचा संकर करतं. पहिली पिढी उंच निघते आणि विकली जाते. पुढच्या पिढीत कान, हाड, काटकपणा सगळं विस्कटतं. कुणी शिंगराला दाणा आणि दूध ठासून चारतं, त्यानं सांधे सुजतात आणि पाय वाकडे होतात. प्रदर्शनात उंचीला वेगळे गुण देणं बंद करावं आणि ठराविक अंतर चालवून घेतलेल्या परीक्षेला ते द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

रोगांचंही तसंच. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग ठरला की जनावर मारावं लागतं. सरकारी भरपाई आणि चांगल्या घोड्याचा भाव यांत मोठी तफावत आहे, म्हणून लोक खोकला लपवतात आणि मेळ्यातून रोग पसरतो. निर्यातीला परवाना लागतो, आणि परदेशी खरेदीदार रोगमुक्तीचा दाखला मागतो. २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्राला घोड्यांसाठी रोगमुक्त कक्ष म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. हीच पद्धत खासगी पागांना लावता येईल. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोड्याचा समावेश केला असून ५० टक्के, कमाल ५० लाखांपर्यंत, भांडवली अनुदान ठेवलं आहे. त्यासाठी संघटनेच्या नोंदणीची अट असावी.

आपल्या भीमथडी घोड्याला आता स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली आहे. धनगरांच्या वाड्यांबरोबर चालणारं हे जनावर. त्याची नोंदणीची वही उघडताना पहिल्या फेरीत जनावर ठेवण पाहूनच घ्यावं लागेल, कारण जुने कागद नाहीत. पण भाव मिळावा म्हणून भीमथडी घोड्या मारवाडी नराला दाखवल्या, तर दोन पिढ्यांत नोंदवायला काही उरणार नाही.

दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी घोडा घ्यायला जाणाऱ्यांनी एवढं करावं. स्कॅनर मानेच्या दोन्ही बाजूंनी फिरवून चिपचा क्रमांक कागदाशी जुळवा. भोवरे आराखड्याशी ताडून पाहा. उंची सपाट जमिनीवर मोजा आणि नालेची जाडी वजा करा. ग्लँडर्सचा ताजा अहवाल मागा. आणि मालकी बदलाच्या अर्जावर विकणाऱ्याची सही होईपर्यंत पूर्ण रक्कम हातात देऊ नका.