टेबलाखालच्या तीन तबकड्या

[दृश्य: काळी तबकडी फिरते आहे. सुई टेकते. गाण्याआधीची नुसती खरखर.]

ही खरखर लाखेची आहे. पार्सलवर ओतून मोहोर उठवतात ना, तीच लाख. दगडाच्या पुडीत नि काजळीत कालवून मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या तबकड्या दाबल्या जायच्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं.

तासभर राग मांडणाऱ्यांना हे कसं पुरावं? जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब. केवढे शिष्य घडवले त्यांनी! पण त्यांच्या गळ्याची एकही तबकडी आपल्याकडे नाही. फार रुखरुख लागते.

त्यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर. मुद्रणाच्या बाबतीत त्यांचाही हात आखडताच. तरी ‘जात कहाँ हो’ ही भैरवी मागे राहिली.

[दृश्य: सोनेरी तबकडीचं छायाचित्र.]

१९७७. व्हॉयेजर या अंतराळयानांसोबत, सोनेरी तबकडीवर, पृथ्वीचे आवाज पाठवायचे ठरले. संगीताचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी हीच भैरवी सुचवली. पण प्रत मिळेना! खूप शोधाशोध झाली. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, तीन कोऱ्या प्रती निघाल्या. आवराआवरीत तो खोका रद्दीत गेला असता तर?

५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ झेपावलं. १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये यानानं सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली. भैरवी सोबत आहेच.

[दृश्य: दोन हात, मऊ ब्रश, पाण्याचं भांडं.]

आता आपल्या माळ्यावरची ट्रंक. तबकडी पुसायला स्पिरिट अजिबात नको, त्यात लाख विरघळते. साधं पाणी, मऊ ब्रश, खाचांच्या वळणानं हलक्या हातानं. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. वाळली की उभी ठेवा. एकावर एक रचल्या तर खालच्या तडकतात. एलपीची, म्हणजे नंतरच्या लांब वाजणाऱ्या तबकड्यांची सुई लावू नका, या खाचा तिच्यासाठी फार रुंद.

आणि घरातलं जे सगळ्यात थोरलं माणूस असेल, त्यांच्याजवळ बसा. ही कोणी आणली? कुठून? वाजवायचं कोण, आणि ऐकायला शेजारपाजारचं कोण कोण यायचं? सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या, तारीख घाला, कागद पाकिटातच ठेवा. पेन्सिलीनं लिहा. शाई ओलीनं पसरते.

[दृश्य: पेन्सिलीचं टोक कागदावर. मागे भैरवी सुरू होते.]