सैल दोर : बिथरलेल्या घोड्याचे लक्ष कसे मिळवावे

नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी वसलेल्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीला यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडची अशी नाना जातींची जनावरे अगाडी-पिछाडी (पुढच्या व मागच्या पायांचे दोर) बांधून रांगेने उभी असतात. ढोल वाजत असतात, भोंग्यांवर गाणी चालू असतात आणि शेजारच्या राहुटीतून एखादी घोडी मधूनच खिंकाळते. या चित्रफितीत पडद्यावर दिसणारा हा कुमाईत (तांबूस-तपकिरी) रंगाचा तरणा मारवाडी घोडा नुकताच विकला गेला आहे. त्याचा दोर ज्याच्या हातात आहे, त्या माणसाखेरीज बाकी सगळीकडे त्याचे लक्ष आहे.

त्याच्या कानांकडे पाहा. मारवाडी घोड्याच्या कानांची टोके आत वळलेली असल्यामुळे कानाची बारीकशी हालचालही लांबून ओळखू येते. दोन्ही कान एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात आणि घोड्याचे ध्यान कोठे आहे, हे सर्वांत आधी तेच सांगतात. या क्षणी दोन्ही कान ढोलाच्या दिशेने ताठ उभे आहेत, मान उंचावली आहे, नाकपुड्या रुंदावल्या आहेत आणि डोळ्यांची उघडझाप जवळजवळ थांबली आहे.

अशा घोड्याला हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. घोडा हा कळपात राहणारा आणि संकट दिसताच पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला सुमारे 350 अंशांचा परिसर एकाच वेळी दिसतो आणि केवळ शेपटीच्या थेट मागचा व कपाळासमोरचा थोडासा भाग नजरेआड राहतो. कळपापासून तुटून, अनोळखी जागी, अनोळखी हातात आलेला घोडा चहूकडे पाहतो, कारण सावध राहण्याचे काम आता त्याच्या एकट्यावर येऊन पडलेले असते. अशा वेळी बहुतेक ठिकाणी त्याला लगामाचा हिसका बसतो. कडियाळे, म्हणजे लगामाची तोंडातली लोखंडी कडी, तोंडात रुतते, ढोलाच्या भीतीत वेदनेची भर पडते आणि माणूसही त्याच्या लेखी धोक्यातच जमा होतो. हे आजही सर्रास घडते आणि ते थांबले पाहिजे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

येथे दोर धरणाऱ्या माणसाने, म्हणजे प्रशिक्षकाने, लगाम काढून ठेवला आहे. घोड्याच्या तोंडावर साधी मोरखी (तोंडात कडी नसलेला मुखपट्टा) आहे आणि तिला 12 फुटांचा सुती दोर लावला आहे. दोराचे वेढे हाताभोवती गुंडाळलेले नाहीत, ते तळहातावर घडी करून धरले आहेत. घोडा उधळला तर गुंडाळलेला दोर बोटे चिरडू शकतो. त्याने सर्वप्रथम घोड्याला बाजाराच्या कडेला आणले. येथून ढोल ऐकू येतो, गर्दीही दिसते. पण घोडा अजून विचार करू शकेल एवढे अंतर मध्ये राहते. हे अंतर प्रत्येक घोड्यागणिक वेगळे असते आणि ते ओळखता येणे हे या कामातील अर्धे कौशल्य आहे.

आता पायांकडे पाहावे. प्रशिक्षक घोड्याचे तोंड आपल्याकडे ओढत नाही. तो खांद्याच्या रेषेत, किंचित बाजूला उभा आहे आणि घोड्याच्या मागच्या भागाकडे रोखून पाहत एक पाऊल पुढे टाकतो. घोडा मागचा पाय पोटाखालून दुसऱ्या पायासमोर टाकून बाजूला सरकतो आणि त्याच क्षणी प्रशिक्षक जागीच थांबून दोर सैल सोडतो. मग एक पाऊल मागे, मग डावीकडे अर्धे वर्तुळ, मग थांबणे, मग उजवीकडे. मागणी लहान असते, ती वरचेवर बदलते आणि उत्तर मिळताच दाब नाहीसा होतो. घोडा शिकतो तो या मोकळीकीतून. ती क्षणभर जरी उशिरा मिळाली, तरी नेमके कशाबद्दल मिळाली हे त्याला उमगत नाही. तोच रिंगणात त्याला दमेपर्यंत फिरवत राहिले, तर शरीर थकते, मन मात्र ढोलापाशीच राहते.

हे पाहा, डावा कान प्रशिक्षकाकडे वळला. उजवा अजून बाजाराकडेच आहे. पण एवढेही पुरेसे मानून त्याने दोर सोडला आणि घोड्याला उभे राहू दिले. त्यानंतर तो त्याला गर्दीच्या दिशेने काही पावले नेतो आणि मान ताठ होण्याआधीच स्वतःहून परत फिरवतो. कष्टाचे काम गर्दीजवळ करायचे आणि विसावा तिच्यापासून दूर, प्रशिक्षकाच्या शेजारी द्यायचा, असा हा क्रम आहे. दर फेरीला ते दोघे थोडे अधिक पुढे जातात.

मान खाली आणणे हा यातील सर्वांत नाजूक भाग आहे. दोरावर खालच्या दिशेने अगदी हलका, स्थिर ताण दिला जातो आणि घोड्याने बोटभर जरी मान झुकवली तरी तो सुटतो. दुसरा हात आयाळ संपते त्या उंचवट्यावर खाजवत राहतो. कळपातील घोडे एकमेकांना नेमके तेथेच दातांनी खाजवतात. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवरील, 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या जागी खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले. येथे खालचा ओठ सैल पडलेला दिसतो, पापण्या लवू लागतात, घोडा लांब श्वास सोडून फुरफुरतो आणि एक मागचा पाय सैल मुडपून उभा राहतो. नुसत्या ओठ चाटण्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. ताण उतरत असताना घोडे असे करतात, पण तेवढ्यावरून तो पूर्ण निवळला असे ठरत नाही.

त्याच संध्याकाळी हा घोडा सैल दोरावर मालट्रकमध्ये चढला. नव्या मालकाने घरी हाच सराव रोज थोडा वेळ करावा, घोडा शांत असतानाच तो थांबवावा आणि प्रत्येक नव्या जागी पुन्हा दुरूनच सुरुवात करावी, असे प्रशिक्षकाने त्यांना सांगितले आहे. खोगीर त्यानंतर चढेल.