दिवाळीचा किल्ला, नाताळचा गोठा

(दृश्य: मिरज. सकाळचं ऊन. माळ्याला लावलेली शिडी.)

माळ्यावरून सगळ्यात आधी खाली येतो तो सांगाडा. गेल्या नाताळची चांदणी. कागदाच्या चिंध्या झाल्यात, होल्डरभोवती कोळ्यानं संसार थाटलाय. आजी सांगाडा मांडीवर घेते आणि एकेका कामटीवर टिचकी मारत जाते. आवाज ऐकते. सतार-तंबोरे घडवणाऱ्या या गावात राहून तिचाही कान तयार झाला असावा.

"ही चांगली आहे. ही पण. ही मात्र गेली बघ, आतून पोखरलीय."

दहापैकी तीन कामट्या बाद. नातू सायकल काढतो आणि बुरुडाकडे निघतो.

(दृश्य: बांबू चिरणारे हात, कोयता.)

दिवाळीच्या आधी इथं उभं राहायला जागा नसते. आकाशकंदिलाच्या कामट्यांना तेव्हा मागणी. आता डिसेंबर लागलाय, गर्दी ओसरलीय. तरी चार-सहा गिऱ्हाइकं येतातच, आणि ती कशाला आलीत ते विचारावं लागत नाही. "चांदणीच्या ना? तीन फुटी?" असं म्हणून बुरुड कोयता उचलतो. ओला बांबू सरळ चिरतो आणि वाकतो. वाळलेला वाकवला की मोडतो. पेराची गाठ मधोमध आली तर कामटी तिथंच अडून बसते, म्हणून गाठ टोकाकडे जाईल असा तुकडा तो निवडून देतो.

मिरजेत ख्रिस्ती वस्ती वाढली ती मुख्यतः दवाखान्याच्या आधारानं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं. रेल्वेचं जंक्शन असल्यानं लांबलांबून पेशंट येऊ लागले. नर्सा आल्या, कंपाउंडर आले, स्वयंपाकी आले, आणि त्यांची घरं झाली. आपली आजीही नर्सच. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण गल्लीत अजून ती 'सिस्टर'च आहे. चांदणी बांधतानाही तिची गाठ बँडेजची असते. एकदा आवळली की सुटत नाही.

(दृश्य: अंगण. फरशीवर कामट्या, सुतळी, फूटपट्टी.)

आता खरं काम. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन चांदण्या. कामटी ३६ इंचांची. दोन्ही टोकांपासून पावणेचौदा इंचांवर पेन्सिलीची खूण करायची. मधे साडेआठ इंच उरतात. पाचही कामट्यांवर खुणा झाल्या की खुणेवर खूण ठेवत त्या एकमेकींत गुंफायच्या. प्रत्येक कामटी एकीवरून जाते, दुसरीखालून जाते. टोकं जुळली की बांधायची.

हे माप आजीनं तिच्या वडिलांकडून घेतलं. का, ते वडिलांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. नातू नववीत आहे, त्याच्या खिशात कॅल्क्युलेटर असतो. पावणेचौदाला साडेआठनं भागलं तर येतात १.६१८ च्या आसपास. कामटी लहान घ्या, मोठी घ्या, हे प्रमाण बदलत नाही. प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंशांचा. ३६ इंच आणि ३६ अंश हा मात्र निव्वळ योगायोग, उगाच त्यात चमत्कार शोधू नये.

बाजारात हल्ली घडीची, पुष्कळ टोकांची कागदी चांदणी मिळते. तिचंही कूळ शाळेतलंच. जर्मनीतल्या सॅक्सनी भागात मोरेवियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत, १८३० च्या दशकात, पोरांना भूमिती समजावी म्हणून अशा चांदण्या करायला लागले. तिला २५ टोकं, आणि सव्विसाव्या जागी ती टांगायची. दिसते देखणी. पण पुठ्ठ्याच्या खोक्यातून घडी उघडून टांगायची आणि जानेवारीत घडी घालून ठेवायची, यात घरातल्या चार माणसांना भांडायला काही जागाच उरत नाही.

"आवळ की रे! टोक हलतंय."

"आजी, बोट सापडलंय माझं."

"काढ मग. आणि परत आवळ."

दोन्ही चांदण्या पाठीला पाठ लावून पाचही टोकांना बांधल्या. आता आतल्या पाच कोपऱ्यांत सहा-सहा इंचांचे टेकू. टेकू शिरले की चांदणी पोटात फुगते, कामट्या ताणल्या जातात, करकरतात. कुठं मोडायची असेल तर ती याच क्षणी मोडते. यंदा एक मोडली. दोघंही काही बोलले नाहीत. नातू मुकाट्यानं नवी कामटी घासायला बसला.

(दृश्य: गॅसवर पातेलं, खदखदणारी खळ.)

खळ मैद्याची. गुठळी होऊ द्यायची नाही. उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे बुरशी आणि झुरळं लांब राहतात. मोरचूद विषारी, म्हणून हे पातेलं वेगळं. त्याच्या कडेला लाल रंग फासून ठेवलाय आणि स्वयंपाकघराच्या मांडणीवर त्याला जागा नाही.

कागद पतंगाचा. पुढून पाच टोकं आणि मधला पंचकोन, मागून तेच, आणि कडेच्या दहा चिंचोळ्या पट्ट्या. मागचा पंचकोन एकाच बाजूनं चिकटवायचा, बल्ब बदलायला दार हवं. चिकटवताना कागद कितीही ताणा, सुरकुत्या राहतातच. त्यावर उपाय पाण्याचा. पूर्ण वाळल्यावर वरून हलका फवारा मारायचा. कागद आधी सैल पडतो, बघवत नाही. मग वाळता वाळता आपोआप आवळत जातो, आणि संध्याकाळी बोट मारलं तर डफासारखा वाजतो.

पूर्वी आत साठचा बल्ब असायचा. दोन वर्षं लागोपाठ कागद करपला. एकदा तर नाताळची गाणी म्हणत फिरणारी कॅरल पार्टी दारात पेटी-ढोलकी घेऊन उभी आणि वर चांदणीतून धूर. आता पाच वॅटचा एलईडी आहे. उजेड थोडा पांढरट पडतो, म्हणून आजी पिवळाच मागून घेते.

(दृश्य: अंगणाचा कोपरा. ढासळलेला मातीचा किल्ला.)

हा दिवाळीचा किल्ला. प्रतापगड म्हणून बांधला होता, आता त्याला कुठलंही नाव चालेल. बुरूज खचलेत, हळीव पिवळं पडून गेलंय. दुसऱ्या कुणाच्या अंगणात असता तर एव्हाना माती कुंड्यांत गेली असती. इथं त्याला डिसेंबरची वाट बघावी लागते. महाराजांची मूर्ती मानानं कपाटात गेली. शिखर कापून सपाट केलं, पायथ्याशी गुहा कोरली, वर उसाच्या पाचटाचं छप्पर घातलं. झाला बेथलेहेमचा गोठा. मोहरी नव्यानं पेरली. आठवडाभरात हिरवं होतं.

आणि बैल? तो बेंदराचा. आषाढात पूजा झालेली मातीची जोडी कोनाड्यात होती, तीच उतरवली. एकाचं शिंग तुटलंय, तो मागं उभा राहील.

खरं तर बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात बाळ गव्हाणीत ठेवल्याचं सांगितलंय, पण बैलाचं नाव नाही. बैल आणि गाढव माणसांनी नंतर आणून उभे केले. इटलीत ग्रेच्चो गावी १२२३ साली संत फ्रान्सिसनं गव्हाणी मांडून नाताळ केला, तेव्हा जिवंत बैल आणि जिवंत गाढव आणलं होतं. तेव्हा आपल्या बेंदराच्या बैलाला कुणी हरकत घ्यायचं कारण नाही. गाढवाचं म्हणाल तर ते नातवानं किल्ल्याच्या मातीतून स्वतः केलंय. कुत्रं वाटतं. आजीनं कान लांब करायला सांगितले, आता ससा वाटतो.

मेंढपाळ म्हणजे दोन मावळे. त्यांच्या तलवारी मुळातच मोडल्या होत्या. हातात खराट्याची काडी दिली, खांद्यावर घोंगडीचा चिंधीएवढा तुकडा टाकला. मेंढ्या कापसाच्या, आणि त्यांच्या अंगावर चहाच्या पाण्यानं तपकिरी ठिपके. पांढऱ्याशुभ्र मेंढ्या आजीला पटत नाहीत. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी तिनं लहानपणापासून बघितलीय, पांढऱ्यावर तपकिरी डाग आणि पोपटासारखं बाकदार नाक. नाक काही कापसात जमलं नाही.

उरलेला कापूस छपरावर. बर्फ म्हणून. मिरजेत बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर दिसतो, आणि तोही उन्हाळ्यात. बेथलेहेमलाही काही रोज पडत नाही. पण कापूस दवाखान्यातल्या घरांत कायमचाच, तो टाकल्याशिवाय आजीला गोठा पुरा वाटत नाही. मला हा एवढा एक बर्फ कमी असता तरी चाललं असतं.

(दृश्य: दिवाणखाना. कुंडीत सुरूची फांदी.)

झाड सुरूचं. बारीक सुया, थोडी झुकलेली फांदी, कुंडीत वाळू भरून उभी केलेली. त्यावर टांगायच्या छोट्या चांदण्या कापल्यात जुन्या लग्नपत्रिकांतून. कागद जाड, वर सोनेरी, फुकट. वर्षभर शेजारपाजारच्या पत्रिका आजी गादीखाली जमवते. पंखा लागला की चांदण्या फिरतात आणि मागची बाजू दिसते. एकीवर अर्धा मुहूर्त आहे. एकीवर मंगल कार्यालयाचा पत्ता. आणि सगळ्यात वरच्या टोकाला, ठळक अक्षरांत: 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!'

स्वयंपाकघरात करंज्या, शेव, चिवडा चालू आहे. केक आहे, त्यात तासगावचे बेदाणे आहेत. या घरात केकपेक्षा करंज्यांकडेच जास्त हात जातात.

(दृश्य: संध्याकाळ. कॅरल पार्टी. टाळ, पेटी, ढोलकी.)

गाणी बरीचशी अभंग-ओवीच्या वळणाची. हे वळण रुजवण्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा मोठा हात. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, तो ख्रिस्ताची भक्ती इथल्याच चालीरीतींतून व्हावी म्हणून. मिरजेच्या या गल्लीत त्या दरबाराची चर्चा कुणी करत नाही. टाळ मात्र प्रत्येकाच्या घरात आहे.

(दृश्य: अंधार पडतोय. नातू शिडीवर, हातात चांदणी.)

"वाकडी आहे."

"कुठं?"

"डावं टोक खाली. अजून. आता बस."

बटण दाबलं. लाल, पिवळी, ताणलेल्या कागदाची चांदणी. उजेडात कामट्यांच्या सावल्या दिसतात, आणि ती नव्यानं घातलेली एक कामटी जरा जाड दिसते.

समोरच्या घरावर दिवाळीचा आकाशकंदील अजून तसाच लटकतोय. काकू ओशाळून दारात येतात.

"आमचा उतरवायचा राहूनच गेला बघा, सिस्टर."

"राहू दे की. बल्ब आहे ना आत?"

काकू आत जातात. थोड्या वेळानं कंदील लागतो.