घर घेऊन सीमा ओलांडताना : मोटरहोमने कॅनडा आणि परत

मंडळी, उन्हाळ्याच्या सुट्टीत आरव्ही, म्हणजे मोटरहोम, भाड्याने घ्यायची, माँटानातलं ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान बघायचं आणि तिथूनच वर कॅनडात वॉटरटन आणि बॅन्फपर्यंत जायचं, हा बेत अमेरिकेतली आपली पुष्कळ कुटुंबं करतात. भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांना सुट्टी असते आणि स्वयंपाकघर बरोबर असल्यामुळे जेवणाची काळजी नसते. कॅम्पग्राउंडची बुकिंगं सहा-सहा महिने आधी होतात. सीमेचा विचार मात्र सीमेच्या रांगेत उभं राहिल्यावर सुरू होतो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. कारमधून जाताना तुमच्याबरोबर दोन बॅगा असतात. मोटरहोममधून जाताना तुम्ही अख्खं घर दुसऱ्या देशात नेत असता. त्यातला फ्रीज, औषधांचा डबा, बाकाखाली ठेवलेली लाकडं, हे सगळं कस्टम्सच्या लेखी आयात केलेला माल आहे. आणि ते जाताना एकदा तपासलं जातं, येताना पुन्हा एकदा.

आधी कागदपत्रं बघू, आणि त्यातही आई-बाबांची. भारतीय पासपोर्टवर कॅनडात शिरायला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. तुम्ही एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असा, एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर असा की आई-बाबा बी-टू या पर्यटक व्हिसावर असोत, अमेरिकेचा व्हिसा त्याची जागा घेत नाही. "अमेरिकेचा व्हिसा असला की ईटीएवर चालतं," असं कुठल्या तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास वाचायला मिळतं. ईटीए म्हणजे कॅनडाची ऑनलाइन मिळणारी प्रवासपरवानगी. ती सवलत ठरावीक देशांना आहे, भारत त्यात नाही, आणि ती फक्त विमानाने येणाऱ्यांसाठी आहे. रस्त्याने जाणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. एकदा दिलेले ठसे १० वर्षं चालतात, त्यामुळे पूर्वी दिले असतील तर एक फेरी वाचते. ग्रीन कार्डवाल्यांना व्हिसा लागत नाही, पण कार्ड आणि मुदतीतला भारतीय पासपोर्ट असं दोन्ही दाखवावं लागतं. पासपोर्टची मुदत संपली असेल तर नुसत्या ग्रीन कार्डाच्या भरवशावर निघू नका. आई किंवा बाबा यांपैकी एकच जण मुलांना घेऊन जात असेल, तर दुसऱ्याचं सहीचं संमतिपत्र बरोबर ठेवा. त्यात फोन नंबर आणि प्रवासाच्या तारखा हव्यात.

आता एक नाजूक बाब. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झालेली असेल, तर ती जुनी असली तरी कॅनडा प्रवेश नाकारू शकतो. १८ डिसेंबर २०१८ पासून तिथल्या कायद्यात हा गुन्हा गंभीर वर्गात धरला जातो. बरोबर येणाऱ्या मित्रमंडळींपैकी कुणाच्या बाबतीत असं असेल, तर ते घरी असतानाच मोकळेपणाने विचारून घ्यावं. एकाला परत पाठवलं की एकच गाडी असल्यामुळे सगळ्यांनाच मागे फिरावं लागतं.

गाडीचे कागद वेगळे ठेवा. भाडेकरारात कॅनडात न्यायची परवानगी लेखी हवी. काउंटरवर कुणी तोंडी "हो" म्हटलं, तर सीमेवरच्या तपासणीच्या बूथवर त्याला काही किंमत नाही. रजिस्ट्रेशनची प्रत हवी. विम्यासाठी कॅनडात चालणारं कार्ड वेगळं मिळतं. अमेरिकन विमा कंपन्या मागितल्यावर ते देतात. करारात ज्यांची नावं चालक म्हणून आहेत त्यांनीच स्टिअरिंगवर बसावं. कॅनडातला चुलतभाऊ भेटला की "जरा मी चालवतो" म्हणेल. कस्टम्स आणि विमा, दोन्ही बाजूंनी ते गोत्यात आणणारं आहे.

रस्ता निवडताना गाडीची लांबी पाहायची. ग्लेशियरमधल्या गोइंग-टू-द-सन रोडवर अ‍ॅव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला मनाई आहे, आणि १० फुटांपेक्षा उंच गाडीला अडचण येऊ शकते. म्हणजे भाड्याच्या जवळजवळ सगळ्या क्लास सी गाड्या (ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेल्या मोटरहोम) बाहेर पडल्या. पश्चिमेकडून येत असाल तर यूएस २ वरून मरायस खिंड ओलांडून ईस्ट ग्लेशियर आणि ब्राउनिंग गाठायचं. मधला माँटाना ४९ हा जवळचा दिसतो, पण तो अरुंद आणि वळणावळणाचा आहे, मोठ्या गाडीने त्याच्या वाटेला जाऊ नये. ब्राउनिंगहून बॅबला यायचं. बॅबच्या थोडं पुढे फाटा फुटतो. डावीकडचा माँटाना १७ चीफ माउंटनच्या नाक्यावरून थेट वॉटरटनला उतरतो, पण तो नाका साधारण मे ते सप्टेंबर एवढाच उघडा असतो. सरळ गेलात तर पीगन आणि पलीकडे कारवे हा नाका लागतो, तो बारमाही आहे. तिथून अल्बर्टा २ वरून कार्ड्स्टन, आणि कार्ड्स्टनहून पश्चिमेला वॉटरटन. दोन्ही नाके रात्री बंद होतात. वेळा बदलत राहतात, त्यामुळे निघायच्या दिवशी दोन्ही देशांच्या कस्टम्सच्या संकेतस्थळांवर पाहून घ्या. या भागात फाटक बंद मिळालं, तर दुसरा उघडा नाका चांगलाच लांब असतो.

आता घराची झाडाझडती. भाड्याच्या गाडीत तुमच्या आधी दहा कुटुंबं राहून गेलेली असतात. त्यांचं काय राहिलंय हे ऑफिसर त्यांना विचारत नाही, तुम्हाला विचारतो. म्हणून सीमेच्या आदल्या दिवशी उजेडात गाडी रिकामी करून पाहा. डायनेटच्या, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या, बाकाखालचे कप्पे, ड्रायव्हरवरच्या पलंगाच्या गादीची मागची कड, बाहेरचे सामानाचे कप्पे आणि विशेषतः सांडपाण्याचा होज ठेवतात तो कप्पा, दाराचे खिसे, सनवायझरची मागची बाजू. या कोपऱ्यांत बंदुकीची काडतुसं, गांजाच्या गमीज, अर्धवट लाकडं सापडतात. गांजा कॅनडात कायदेशीर आहे आणि अमेरिकेतल्या कित्येक राज्यांतही आहे, पण सीमा ओलांडून नेणं दोन्ही दिशांना गुन्हाच आहे. गांजाच्या झाडापासून काढलेलं सीबीडी तेलही त्यातच आलं. पिस्तूल न्यायचा विचारच नको. माणसांवर मारायचा मिरीचा स्प्रे कॅनडात बंदी असलेलं शस्त्र मानतात. अस्वलासाठीचा स्प्रे चालतो, मात्र डब्यावर तो प्राण्यांसाठी असल्याचं छापलेलं हवं आणि विचारल्यावर सांगायला हवं.

शेकोटीचं लाकूड ही बाब लोक फार हलक्यात घेतात. लाकूड वाळलेलं दिसलं तरी सालीखाली कीड जिवंत असते. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइट आणि पलीकडच्या विंडसर परिसरात सापडला, आणि तेव्हापासून त्याने अ‍ॅश जातीची कोट्यवधी झाडं मारली. भुंगा स्वतः फार लांब उडत नाही, तो लांब जातो तो कॅम्पिंगवाल्यांच्या लाकडातून. त्यामुळे प्रक्रिया न केलेलं लाकूड कॅनडात नेता येत नाही. जिथे जाळायचं तिथेच विकत घ्यायचं, उरलेलं तिथेच ठेवायचं. छपरावर कयाक असेल तर तीही स्वच्छ धुवून, पाणी काढून, कोरडी करून न्या. अल्बर्टात बोटींच्या तपासणीची चौकी उघडी असेल तर कयाकवाल्यांनाही थांबावंच लागतं. तळ्यांत बेसुमार पसरणाऱ्या परक्या झेब्रा शिंपल्यांची अंडी आणि पिल्लं त्या थेंबभर पाण्यातून जातात.

आता फ्रीज. सीमेच्या दिवशी तो जितका रिकामा तितकं बरं. ताजी फळं, भाज्या आणि मांस यांचे नियम राज्य, हंगाम आणि रोगांच्या साथीप्रमाणे बदलतात, म्हणून ते आदल्या रात्री संपवावं आणि पलीकडे कार्ड्स्टनमध्ये पुन्हा भरावं. जे उरेल ते दुकानाच्या मूळ वेष्टनात, लेबलासकट ठेवा. आपल्याकडची खरी अडचण आहे ती झिपलॉक पिशव्यांची. मेतकूट, गोडा मसाला, राजगिऱ्याचं पीठ, सुंठपूड. यांतलं काहीही बेकायदा नाही, पण नाव नसलेली पांढरी-पिवळी पूड ऑफिसरच्या हातात पडली की अर्धा तास जातो. प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत ठळक लिहा : डाळीचं पीठ, मसाला, तांदळाचं पीठ. आई-बाबांच्या गोळ्या आठवड्याच्या वारांच्या डबीत न नेता मूळ पट्टीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवा. स्वतःपुरतं, जास्तीत जास्त ९० दिवसांचं औषध नेता येतं. दारूची करमुक्त मर्यादा माणशी वाइन दीड लिटर, किंवा मद्य १.१४ लिटर, किंवा बिअर साडेआठ लिटर अशी आहे. तिन्ही मिळून नव्हे, तिन्हींपैकी एक. दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून अधिक रोकड असेल तर जाहीर करावी लागते.

बूथपाशी येताना जनरेटर बंद करा. त्याचा धूर आणि आवाज खिडकीतल्या माणसाच्या तोंडावर जातो आणि तुम्हालाही प्रश्न ऐकू येत नाही. मोठ्या गाड्यांसाठी पाटी असेल त्या लेनमध्ये शिरा. नेक्सस, म्हणजे आधीच तपासणी झालेल्या प्रवाशांच्या कार्डाची लेन, प्रत्येकाकडे ते कार्ड असेल तरच. मागचे पडदे उघडे, मागचे सगळे जागे आणि पट्टा लावून बसलेले, गॉगल काढलेले, पासपोर्ट कव्हरमधून बाहेर काढून एकत्र. कुठे राहता, कुठे चाललात, किती दिवस, बरोबर काय आहे, एवढेच प्रश्न असतात. विचारलेल्याचं उत्तर द्या. खाण्याचा पदार्थ नेता येतो की नाही याची शंका असेल तर तो आहे असं सांगून टाका. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो. आत येऊन पाहायचं म्हणाले तर कप्पे त्यांना उघडू द्या, आपण पुढे पुढे करू नये.

पलीकडे लागताच आकडे बदलतात. १०० ची पाटी म्हणजे ताशी ६२ मैल. पुलाखालची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. तुमची गाडी १२ फूट असेल तर ती ३.६६ मीटर झाली. हा आकडा कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. बहुतेक आरव्हींचं नुकसान होतं ते छपरावरच्या एसीचं, आणि ते पुलाखाली किंवा पेट्रोल पंपाच्या छताखाली.

परतीचा प्रवास भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी अधिक जपून करायचा असतो. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला आहे, पण आय-९४, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची नोंद, मुदतीत आहे, अशी एच-वनवाल्यांची स्थिती पुष्कळदा असते. कॅनडात ३० दिवस किंवा त्याहून कमी राहून परत आलात, तर ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशनच्या नियमाने त्या जुन्या स्टॅम्पवर आत येता येतं. त्यासाठी आय-९४ ची छापील प्रत आणि अर्ज मंजूर झाल्याची आय-७९७ ही नोटीस हाताशी हवी. मात्र कॅनडात असताना नव्या स्टॅम्पिंगसाठी अर्ज केलात, की ही सवलत गेली. मग नवा व्हिसा मिळेपर्यंत तिथेच. आई-बाबांच्या बाबतीत एक गैरसमज असतो की सीमा ओलांडून आल्यावर सहा महिने नव्याने मोजले जातात. एवढ्या छोट्या फेरीनंतर बहुतेक वेळा जुनंच आय-९४ पुढे चालतं, तारीख तीच.

खाण्याचं म्हणाल, तर कॅनडात पिकल्याचं लेबल असलेला माल बहुतांशी चालतो, पण कॅनडातल्या दुकानातलं लिंबू किंवा संत्रं कॅनडात पिकलेलं नसतं. ते संपवूनच या. ताजा कढीपत्ता तर अजिबात नको. लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला नावाची कीड कढीपत्त्यावरही जगते, आणि फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागा त्या रोगाने उजाड झाल्या आहेत. जाहीर न केलेल्या वस्तूला पहिल्या वेळीही हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. नाक्यांवर किरणोत्सार ओळखणारी यंत्रंही असतात. बाबांची नुकतीच हृदयाची थॅलियम चाचणी (किरणोत्सारी औषध टोचून करतात ती) झाली असेल तर ही यंत्रं वाजतात, म्हणून डॉक्टरांचं पत्र ठेवा. मांजराच्या वाळूच्या मोठ्या पिशवीनेही ती वाजल्याची उदाहरणं आहेत.

आणि बूथ सोडल्यावर पहिल्या मुक्कामी प्रत्येकाचं आय-९४ ऑनलाइन उघडून पाहा. नवं दिलं असेल, तर कधी कधी त्यावरची तारीख पासपोर्टच्या मुदतीपाशी तोडलेली असते, आय-७९७ वर पुढची तारीख असली तरीही. ते सहा महिन्यांनी लक्षात आलं, तर मधले दिवस बेकायदा वास्तव्यात धरले जातात. नोंदीत चूक असेल तर ती अमेरिकन कस्टम्सच्या डिफर्ड इन्स्पेक्शन (प्रवेशाच्या नोंदी नंतर तपासणाऱ्या) कार्यालयात दुरुस्त होते. पासपोर्टमुळे तोडलेली असेल, तर पासपोर्टचं नूतनीकरण करून त्या तारखेच्या आत वकिलाकडे जा.