गुडघा बरा झाला, पण पाय मैदानावर गेला का?

(नागपुरात खेळाडू, पालक आणि प्रशिक्षकांसमोर एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे गुडघ्याला पट्टा बांधलेली काही मुलं सतरंजीवर बसली आहेत, त्यांना आधी खुर्च्या द्या. मग बोलू.

माझ्याकडे एक कबड्डीपटू मुलगी येते. चढाई करताना पाय जमिनीत रुतला, गुडघा फिरला आणि एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा), तुटलं. मांडीमागची कंडरा घेऊन नवं लिगामेंट बसवलं. 10 महिन्यांनी तपासलं तेव्हा गुडघा पूर्ण वाकत होता, सूज नव्हती, दोन्ही पायांच्या ताकदीत नावापुरता फरक होता. मी विचारलं, "आता खेळतेस ना?" तर म्हणाली, "मॅडम, दुखत तं काहीच नाही. पण पाय टाकाले भेव वाटते." आई शेजारीच होती. म्हणाली, "घरीबी बसूनच राह्यते."

कागदावर हा गुडघा उत्तम होता. पण गुडघा काय करू शकतो हे आपण तपासतो, तो माणूस दिवसभर प्रत्यक्षात काय करतो हे विचारतच नाही. मला आज एवढंच सांगायचं आहे की ही दुसरी गोष्टही मोजायला हवी, आणि ऑपरेशनच्या आधीपासून मोजायला हवी.

मोजायचं कसं? सगळ्यांत सोपी टेग्नर मोजपट्टी, माणूस किती श्रमाचं काम किंवा खेळ करतो त्याला आकडा देणारी. 1985 साली स्वीडनमध्ये तयार झाली, 0 ते 10. गुडघ्यामुळे कामच सुटलं तर 0, राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय फुटबॉल म्हणजे 10. ती तिकडची असल्यामुळे तिच्यात आइस हॉकी आहे, बर्फावरची घसरण आहे, पण कबड्डी नाही. कुस्ती मात्र आहे, 9 वर. म्हणून आपल्या कबड्डीला मी कुस्तीच्या शेजारी बसवते आणि बाजूला लिहून ठेवते, की हा माझा अंदाज आहे. उकिडवं बसणं, मांडी घालणं यांनाही तिथे जागा नाही. आपल्याकडे आजीला देवापुढे बसता येत नसेल, तर तिच्यासाठी गुडघा बरा झालेला नसतो. ते वेगळं विचारावं लागतं.

दुसरी मार्क्सची मोजपट्टी, 2001 सालची. चारच प्रश्न: धावणं, झटकन दिशा बदलणं, धावताना वेग आवरणं, एका पायावर गिरकी घेणं. प्रत्येकाला 0 ते 4, एकूण 16. गेल्या वर्षभरातल्या तुमच्या सगळ्यांत चांगल्या काळात हे किती वेळा केलंत, असं ती विचारते. इथे फार चूक होते. दुखापतीनंतर थोड्याच महिन्यांत फॉर्म भरला, तर त्या वर्षात दुखापतीआधीचे चांगले दिवसही मोजले जातात आणि आकडा उगाच मोठा दिसतो. तारीख लिहा, आणि नेमका कोणता काळ धरला तेही लिहा.

त्या मुलीच्या कमरेला मी 7 दिवस अ‍ॅक्सेलरोमीटर बांधला. काडेपेटीएवढं यंत्र, हालचालीच्या वेगातले बदल मिनिटामिनिटाला टिपतं. आलेख पाहून मीच गप्प झाले. सकाळी कॉलेजला जाता-येता दोन छोटे उंचवटे, आणि मग रात्रीपर्यंत जवळजवळ सपाट रेघ. नुसती पावलं मोजून हे कळत नाही, पावलांचा वेगही पाहावा लागतो. मिनिटाला साधारण 100 पावलं पडली तर ती मध्यम श्रमाची चाल. मोठ्या माणसांना अशी हालचाल आठवड्याला 150 ते 300 मिनिटं हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मोबाइलवर फार भिस्त ठेवू नका. बायकांचा फोन ओट्यावर असतो आणि त्या घरभर फिरत असतात. सायकलचे श्रम कमरेच्या यंत्रालाही नीट कळत नाहीत. आणि नागपूरचा मे महिना! पारा 45 च्या घरात गेला की धडधाकट माणूसही दुपारी बाहेर पडत नाही. डिसेंबरच्या आकड्याशी मेचा आकडा ताडून "पोरगी आळशी झाली" म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

ती आळशी नव्हतीच, घाबरलेली होती. 2014 साली जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा ऑपरेशननंतर 81 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतलेले दिसले, पण स्पर्धेच्या पातळीवर 55 टक्केच. मनाच्या तयारीसाठी 12 प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे, एसीएल-आरएसआय. मी ती पहिल्या महिन्यापासून भरून घेते.

प्रशिक्षकांना हात जोडून विनंती: याचा अर्थ पोरांना घाईने मैदानात ढकला, असा घेऊ नका. 9 महिन्यांच्या आत परतणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त आढळलं आहे. उलट, हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक खेळाडूचा टेग्नर आकडा वहीत टिपून ठेवा. उद्या गुडघा गेला, तर परत कुठवर पोहोचायचं आहे हे आम्हाला त्या वहीतूनच कळेल.

त्या मुलीचा दुखापतीआधीचा आकडा 9 होता. आज 6 आहे. आठवड्यातून 5 दिवस अंबाझरी तलावाकडे जॉगिंग करते. चढाई अजून सुरू केलेली नाही. पुढच्या महिन्यात यंत्र पुन्हा बांधणार आहोत, आणि या वेळी तिने स्वतःहून मागितलं आहे.