काप रे, काप

(दृश्य : मोबाइलवर काढलेलं चित्रण. ट्रॉलरचा डेक, ओली मासळी, जाळ्यात गुरफटलेलं कासव.)

हे चित्रण आमच्या कॅमेऱ्याचं नाही. बोटीवरच्या एका खलाशानं ते मोबाइलवर काढलंय, म्हणून हलतंय. मध्येच कोणाचा तरी अंगठा भिंगावर येतो. आवाज मात्र स्वच्छ आहे. “काप रे, काप... तिकडनं नको, मानेकडनं घे.” जाळ्याचा पीळ कासवाच्या पुढच्या पराभोवती, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाभोवती, बसलाय. सुरी कातडी आणि दोऱ्याच्या मधून घालायची, धार वरच्या अंगाला ठेवून. दोघांनी कवच दाबून धरलंय, तिसरा कापतोय. ऑलिव्ह रिडले या कोकणात येणाऱ्या समुद्री कासवाची पूर्ण वाढलेली मादी चाळीस किलोच्या आसपास भरते, आणि ती काही गप्प पडून राहत नाही.

हा व्हिडिओ हौसेनं काढलेला नाही, तो पुरावा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनानं एक योजना आणली. कासव, डॉल्फिन, देवमुशीसारखा (व्हेल शार्क) संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. सोडतानाचे फोटो किंवा चित्रण हवं, बोटीची कागदपत्रं हवीत, अर्ज हवा. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष मिळून हे प्रकरण पाहतात. अर्ज भरायला वेळ जातो, पैसे यायला त्याहून जास्त. पण या एका अटीमुळे खोल समुद्रात काय घडतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला पहिल्यांदा दिसायला लागलं.

(दृश्य : गुहागरचा किनारा, पहाट. हॅचरीतून पिल्लं समुद्राकडे जाताना.)

कोकणातलं कासव म्हटलं की हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. वेळासमध्ये २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी सर्रास खणून नेली जात. आज वेळास, आंजर्ले, गुहागर आणि इतर गावांत कासवमित्र हंगामभर भल्या पहाटे वाळू तुडवतात. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी, पन्नास-पंचावन्न दिवसांत पिल्लं. पिल्लं बघायला पर्यटक येतात, घराघरांत पाहुण्यांची सोय होते. हे सगळं चांगलंच आहे, आणि त्यावर भरपूर चित्रण झालेलं आहे. आपण पाण्यात जाऊ.

(दृश्य : मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. धक्क्यावर पसरलेलं ट्रॉल जाळं, ते शिवणारे खलाशी.)

ट्रॉल जाळं असं धक्क्यावर पसरल्याशिवाय त्याचा आकार कळत नाही. पुढे रुंद तोंड, मागे निमुळती होत गेलेली लांबच लांब पिशवी. तोंडाच्या दोन्ही बाजूंना हे जड बोर्ड. बोट पुढे निघाली की पाण्याच्या रेट्यानं बोर्ड एकमेकांपासून लांब सरकतात आणि जाळ्याचं तोंड उघडं राहतं. खालच्या दोरीला वजनं, वरच्या दोरीला फ्लोट. जाळं तळाला घासत चालतं आणि वाटेत येईल ते गोळा करतं : कोळंबी, म्हाकूल, बळा, खेकडे, शंख, चिखल. दोन-तीन तास ओढ चालते, मग जाळं वर ओढणारी विंच सुरू होते.

अशा वाटेत कासव आलं तर तेही पिशवीत जातं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कासवाला कल्ले नसतात. ते आपल्यासारखं फुप्फुसानं श्वास घेतं. शांत पडलेलं कासव पाण्याखाली तासन् तास राहू शकतं, पण जाळ्यात धडपडणाऱ्या कासवाचा प्राणवायू झपाट्यानं संपतो आणि रक्तात आम्ल साचतं. ओढ तासाभरापेक्षा लांबली की मरणाचं प्रमाण एकदम वर जातं. अमेरिकेत ज्या बोटींना टीईडीतून, म्हणजे कासवाला जाळ्यातून बाहेर वाट देणाऱ्या चौकटीतून, सूट आहे, त्यांना उन्हाळी महिन्यांत ५५ मिनिटांच्या वर जाळं ओढायला मनाई आहे, ती म्हणूनच. कोकणातला ट्रॉलर दर पाऊण तासाला जाळं वर घेईल, ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. डिझेलचा हिशेब करा, कळेल.

(दृश्य : टीईडीची लोखंडी जाळी, जवळून. मागून कोळंबीचं ट्रॉल जाळं.)

हे ते टीईडी. टर्टल एक्स्क्लुडर डिव्हाइस. नाव भारी, वस्तू साधी. एका लंबगोल चौकटीत उभे गज. पिशवीच्या गळ्याशी ती तिरकी बसवायची आणि तिच्या लगत जाळ्याला एक खिडकी ठेवायची, वर झडप. कोळंबी आणि लहान मासळी गजांमधून मागे जाते. कासव गजांवर आपटतं, उतारावरून घसरतं आणि झडप ढकलून बाहेर पडतं. याचं मूळ रूप जॉर्जियातल्या सिंकी बून या कोळंबी पकडणाऱ्यानं १९६०च्या दशकात बनवलं होतं, आणि तेही कासवांसाठी नाही. त्याला जाळ्यात भरणाऱ्या जेलीफिशचा वैताग आला होता.

कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे सीआयएफटीनं, भारतीय जाळ्यांसाठी वेगळी चौकट बनवली : एक मीटर बाय ऐंशी सेंटिमीटर. त्यांच्या चाचण्यांत कोळंबीचं नुकसान एक टक्क्याच्या आत राहिलं, इतर मासळीचं तीन टक्क्यांच्या आसपास. गजांमधलं अंतर हा पुढे वादाचा मुद्दा झाला, कारण कोळंबी विकत घेणाऱ्या अमेरिकेला चार इंचांहून जास्त फट चालत नाही.

मग कोकणात हे जाळ्याजाळ्यांवर का दिसत नाही? धक्क्यावर विचारलं तर पहिलं उत्तर येतं, “मासळी जाते.” यावर टक्केवारी ऐकवून उपयोग होत नाही, कारण तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, खोटं बोलत नाहीये. आपला ट्रॉलर नुसत्या कोळंबीवर चालत नाही. त्याला मोठा रावस हवा असतो, घोळ हवी असते. एखादी चांगली घोळ मिळाली तर अख्ख्या फेरीचा खर्च निघतो, आणि ती गजांमधून मागे जाणार नाही, खिडकीतून जाईल. हा तोटा टक्क्यांत तीनच असेल, पण नेमका कोणत्या दिवशी होईल ते सांगता येत नाही. त्यात या किनाऱ्यावर पर्ससीन (थव्याला वेढणारं मोठं जाळं) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून पारंपरिक आणि यांत्रिक मच्छीमारांत इतकं जुंपलेलं असतं की कासवाचा विषय बैठकीत निघाला तर शेवटी निघतो, चहा झाल्यावर.

अमेरिकेनं १९८९ मध्ये कायदा केला : टीईडीशिवाय पकडलेली कोळंबी आम्ही घेणार नाही. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले, १९९८ मध्ये निकाल लागला, अमेरिकेनं अंमलबजावणीत भेदभाव केल्याचं मान्य झालं, कायदा मात्र टिकला. त्याच कायद्यामुळे २०१९ पासून भारतातली समुद्रातली कोळंबी अमेरिकेच्या बाजारात जात नाही.

(दृश्य : डेकवर पालथं ठेवलेलं कासव, अंगावर ओलं गोणपाट.)

जाळ्यातून आलेलं कासव निपचित पडलं म्हणजे मेलंच असं नसतं. बरेच खलाशी ते लगेच पाण्यात टाकतात, दयेपोटीच. बेशुद्ध कासव पाण्यात टाकलं तर बुडतं. पाहा, इथे काय केलंय. त्याला उताणं केलेलं नाही, पोटावरच ठेवलंय. मागच्या बाजूखाली दोऱ्याची गुंडाळी सारून ती वीतभर उचललीय, म्हणजे फुप्फुसातलं पाणी तोंडावाटे उतरेल. अंगावर ओलं गोणपाट आणि सावली. नाकपुड्या मोकळ्या. मधूनमधून डोळ्याच्या कडेला किंवा शेपटीला हळूच बोट लावायचं, हलतं का बघायचं. यात किमान चार तास जातात, कधी चोवीस. सोडताना इंजिन न्यूट्रलला, जाळं बाहेर, आणि कासव अलगद पाण्यात. याला कुठलंही यंत्र लागत नाही.

(दृश्य : कवचावर ट्रान्समीटर बसवलेली मादी, समुद्राकडे जाताना.)

२०२२च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठाननं कोकणातल्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरमधून बागेश्री निघाली, ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. पूर्व किनाऱ्यावर ओडिशानं धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांसमोर नोव्हेंबर ते मे मासेमारी बंद ठेवलेली असते, कारण तिथे लाखांनी कासवं एकदम येतात. कोकणात ती एकेकटी येतात, लांबच लांब किनाऱ्यावर विखुरलेली. त्यामुळे ठरावीक तुकडा बंद करून भागत नाही. एक जून ते एकतीस जुलै ही पावसाळी बंदी आहे, पण माद्या अंडी घालायला येतात त्या मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे ऐन मासेमारीच्या हंगामात.

(दृश्य : डहाणूचं कासव शुश्रूषा केंद्र. टाक्या. एक पर नसलेलं कासव पोहताना.)

पावसाळ्यात बोटी बंदरात असतात, तरी जखमी कासवं किनाऱ्याला लागतच राहतात. डहाणूच्या या केंद्रात आलेल्या कासवांच्या जखमा पाहिल्या की कारण कळतं. खडकात अडकून तुटलेली, वादळात सुटलेली, कधी मुद्दाम टाकून दिलेली जाळी महिनोन् महिने वाहत राहतात. नायलॉन कुजत नाही. त्याचा फास पराला बसतो, कासव पोहत राहतं तसा आवळत जातो, आणि शेवटी हाडापर्यंत पोचतो. मग पर काढावा लागतो. हे कासव तीन परांवर वळायला शिकलंय, पण डावीकडेच. समुद्रात सोडता येईल की नाही ते डॉक्टर ठरवतील.

या जाळ्यावर बोटीचा क्रमांक नसतो. भरपाईची योजना आहे ती अडकलेला प्राणी सोडण्यासाठी. समुद्रात तरंगणारं कोणाचं तरी जुनं जाळं ओढून बंदरात आणून टाकणाऱ्या तांडेलाला तिच्यातून काही मिळत नाही. उलट डिझेल त्याचं जळतं आणि डेकवरची जागाही त्याचीच अडते.